५०० मिलिमीटर पावसात गाव कसं चालवायचं?

प्रश्न: आमचं गाव माण तालुक्यात. क्षेत्र सुमारे १००० हेक्टर, लोकवस्ती २०००, सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. गेल्या दहा वर्षांत डोंगरावर चर खोदले, बंधारे बांधले, ओढा खोल केला. तरी मार्च उजाडला की टँकर. म्हातारी माणसं म्हणतात, आपल्या मुलखाच्या नशिबातच पाऊस नाही. पाऊसच माणसाचं जगणं ठरवतो का? आणि कायमचं नियोजन करायचं तर सुरुवात कुठून करायची? गावात डाळिंब १० हेक्टर आहे, ते ५० हेक्टरवर न्यावं असं चाललंय.

उत्तर:

मी भूजलाच्या कामात तीस वर्षं आहे. त्यातली बरीचशी माण, खटाव, पुरंदर आणि बीडकडच्या आष्टी-पाटोदा पट्ट्यात गेली. विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि ती का चढली, का उतरली ते शोधायचं, हे माझं काम. तुमच्यासारख्या गावांनी मला बरंच शिकवलंय, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी सगळं सांगतो. डाळिंबाचं शेवटी बोलू, कारण मधला हिशोब झाल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही.

आधी नशिबाचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो, आणि दहिवडी-म्हसवडला पोचेपर्यंत ५०० राहतो. हा सगळा एकच सातारा जिल्हा. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि अंगातलं पाणी पश्चिमेच्या अंगाला टाकून देतात. पूर्वेला उतरताना तीच हवा तापते आणि ढग विरळ होतात. म्हणून जुलैत कोयनेच्या खोऱ्यात झड लागलेली असते तेव्हा तुमच्या शिवारात नुसता वारा सुटलेला असतो. तुमचा खरा पाऊस त्यानंतरचा, उत्तरा-हस्ताचा. मोसमी वारे ओसरायला लागतात, बंगालच्या उपसागराकडून येणारे कमी दाबाचे पट्टे इथवर सरकतात आणि दुपारनंतर गडगडाट करून दोन-चार मोठे पाऊस पडून जातात. वर्षाचा निम्मा पाऊस आठ-दहा दिवसांत पडून गेलेला मी कितीदा पाहिलाय. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण अशाच रब्बीच्या मुलखाला पुरेपूर लागू पडते. जूनच्या पावसावर इथे कोणी माणिक-मोत्यांची आशा धरत नाही.

या पावसाने माणसं कशी घडवली ते तुमच्या घरातच दिसेल. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हे या भागाचं पीक झालं, कारण काळ्या जमिनीत सप्टेंबरची ओल धरली की तेवढ्यावर तो फेब्रुवारीपर्यंत येतो. वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरण्याजोगी ओल झाली, की पेरायचं, मग वरून थेंब पडला नाही तरी चालतं. धान्य पेवात साठवायचं, कारण पुढच्या वर्षाची खात्री नाही. कडबा जपून ठेवायचा, कारण दाणे बाहेरून आणता येतात, चारा आणणं फार महाग पडतं. चार पावसात रान हिरवं होतं आणि लगेच वाळतं, तिथे शेतीपेक्षा जनावर भरवशाचं, म्हणून माणदेशाची खिलार बैलं नावाजली. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारे तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे, अजूनही काही जातात. तिथल्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याला लेंडीखत मिळायचं, यांना धान्य मिळायचं, आणि वळीव पडायच्या सुमाराला परत फिरायचं. जास्त पावसाचा मुलूख आणि कमी पावसाचा मुलूख यांनी एकमेकांशी केलेला तो करारच होता, आणि तो शेकडो वर्षं टिकला. आषाढी वारीलाही मी याच नजरेने बघतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, फलटण, नातेपुते अशी पर्जन्यछायेच्या, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या, मुलखातूनच जाते, आणि आषाढात या मुलखातल्या शेतकऱ्याला मोठी पेरणी नसते. पेरणीचे दिवस भाद्रपद-आश्विनात. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

पुढे लोकसंख्या वाढली, शाळू पुरेना, आणि माणसं बाहेर पडली. खानापूर, आटपाडी, माण या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर गेली. आज दूरच्या कुठल्या शहराच्या सराफ बाजारातही विट्याकडचा मराठी माणूस भेटतो. बीडकडच्या अशाच कोरड्या पट्ट्यातली माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघाली. आधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, मग सहा महिने पालात राहून ती फेडायची. एका जोडप्याला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. पोरांच्या शाळा सुटतात, घरी म्हातारी माणसं आणि जनावरं उरतात. कमी पावसाचा मुलूख माणूस बाहेर ढकलतो, हे इथपर्यंत खरं आहे.

पण हा कोयता जातो कुठे तेही बघा. फलटण, बारामती, माळशिरस, श्रीरामपूर हे काही पावसाचे तालुके नव्हेत. तिथलाही पाऊस तुमच्याच जवळपासचा, ४५० ते ६०० मिलिमीटरचा. तिथे ऊस आला तो कालव्याने. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्या-मुंग्यांसारखी मेली, त्यानंतर सरकारने कालव्यांची कामं वाढवली. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. हेतू हा की अवर्षण पडलं तर ज्वारी-बाजरीला पाणी मिळावं. अडचण अशी झाली की बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी मागेना. ज्वारी पावसावर येते, मग पाणीपट्टी कशाला भरायची? कालव्याचा खर्च निघेना. मग बारमाही पाणी लागणाऱ्या पिकाला उत्तेजन मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली. तिच्यात उसाला ठराविक हिस्सा बांधून द्यायचा आणि बाकी क्षेत्रात हंगामी पिकं घ्यायची, म्हणजे पाणी जास्त लोकांपर्यंत जाईल, अशी रचना होती. हिशोब चांगला होता. पण ऊस एकदा रुजला, कारखाने उभे राहिले, आणि हिस्सा वाढतच गेला.

म्हणजे सारख्याच पावसात एका तालुक्यात ऊस झाला आणि दुसऱ्या तालुक्यातून तो तोडायला माणसं जायला लागली. यात नशीब कुठे आहे? पाऊस मर्यादा घालतो. त्या मर्यादेच्या आत कोणाला किती पाणी मिळेल, ते कोणत्या पिकाला जाईल आणि वाईट वर्षाची झळ कोणी सोसायची, हे माणसं ठरवतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे, आणि यापुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

वाईट वर्ष वाटून घेणं आपल्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर जुन्या काळापासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, त्यांना फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात रब्बीचं पीक, तिसऱ्यात आणखी काही, आणि ही पिकं दरवर्षी फिरायची. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना गाव धान्यात मोबदला देणार. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसायची, प्रत्येक फडात थोडी-थोडी असायची. पाणी कमी आलं की गाव ठरवायचं, यंदा अमुक फड पडीक. त्यात सगळ्यांचंच थोडं-थोडं रान पडीक राहायचं. कोणाचं सगळं बुडालं आणि शेजाऱ्याचं सगळं तरलं, असं होत नसे. पाण्याप्रमाणे मागणी कमी-जास्त करायची सोय त्या रचनेतच होती. बुलढाण्याची नळगंगा असो की नीरा, आजच्या कालव्याखाली शेवटच्या चारीवरचा शेतकरी आधी मरतो. फडात तसं नव्हतं.

पावसाचं मान बदललं की रचनाही बदलते, हे पूर्व विदर्भात गेल्यावर कळतं. भंडारा-गोंदियाकडे १२०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तरी ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची उघडीप पडली की भात वाळतो. म्हणून तिथे कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून हजारो तलाव बांधले. हेच ते मालगुजारी तलाव. त्यांचा उद्देश ती पंधरा दिवसांची उघडीप पार करणं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायचं काम कोणाचं हेच ठरेना. तलावांची क्षमता घटत गेली.

आता तुमच्या पायाखालचा खडक. पाऊस वरून पडतो तेवढाच दिसतो, पण मार्चमध्ये विहिरीला पाणी असेल की नाही हे खडक ठरवतो. आपला सगळा मुलूख बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. प्रत्येक थराचा वरचा भाग पोकळ्यांचा आणि झिजलेला, त्याला मांजऱ्या म्हणतात, आणि खालचा घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते वरचा मुरूम, मांजऱ्या आणि पाषाणातल्या भेगा यांत. पहिल्या चाळीस-पन्नास फुटांत काय ते. आणि या खडकाची साठवण फार कमी. शंभर भाग खडकात उपसता येण्याजोगं पाणी एक ते तीन भाग. वाळूचे जाड थर असलेल्या गंगेच्या मैदानाशी तुलना केली तर आपल्याकडे पसरट थाळी आहे, रांजण नाही. ती लवकर भरते आणि लवकर रिकामी होते. थाळी भरल्यावर आणखी चर खोदून तीत जास्त पाणी मावणार नाही. तुमची कामं चांगली झाली असतील, ती वाया गेली असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षं तुम्ही फक्त भरण्याच्या बाजूने काम केलंत. उपसण्याची बाजू कोणी मोजली का?

मीही ही चूक केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका गावात पाझर तलावातला गाळ काढला, माथ्यावर सलग समतल चर घेतले, ताली दुरुस्त केल्या. पुढच्या ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी सरासरी दोन मीटरने वर आलेली मी स्वतः मोजली. अहवालात यश म्हणून लिहिलं. पाणी दिसलं तसं लोकांनी नव्या विहिरी खोदल्या, बोअर घेतले, ओढ्याकाठी ऊस लावला. तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला आणि फेब्रुवारीतच टँकर आला. आधी मार्चअखेर यायचा. तलावाच्या कामाआधी ग्रामसभेत ‘वाढलेलं पाणी कशाला वापरायचं’ हा ठराव करून घ्यायला मी आग्रह धरायला हवा होता. त्या गावातली एक बाई घागर घेऊन टँकरखाली उभी होती, तिने मला ओळखलं आणि विचारलं, “साहेब, तुमचं ते पाणी कुणीकडं गेलं?” त्यानंतर मी एकाही गावात पाण्याच्या हिशोबाशिवाय फावडं उचलू दिलं नाही.

तो हिशोब तुमच्या गावासाठी मांडतो. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या विहिरी मोजल्यावर ते सुधारतील, पण विचार करायची रीत हीच राहील. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १००० हेक्टरवर ५०० मिलिमीटर म्हणजे ५०० कोटी लिटर. आकडा ऐकून माणूस हुरळतो. यातलं बहुतेक पाणी जमिनीतली ओल होऊन पिकातून आणि गवतातून हवेत जातं, काही ओढ्याने वाहून जातं. विहिरींपर्यंत झिरपतं ते दहा टक्के धरू, म्हणजे ५० कोटी लिटर. डोंगराचा भाग सोडून अर्ध्या क्षेत्राखाली पाणी धरणारा खडक आहे आणि त्याची साठवण दोन टक्के आहे असं धरलं, तर विहिरींची पातळी एक मीटर चढली की १० कोटी लिटर आलं असं समजायचं. ५० कोटी म्हणजे पाच मीटर. तुमच्या विहिरी चांगल्या पावसात साधारण एवढ्याच चढत असतील, बघा.

त्यातलं सगळं तुमच्या हातात नाही. उतारावरचं भूजल ओढ्याला पाझरून खाली निघून जातं, त्यासाठी १५ कोटी सोडून द्या. राहिलं ३५. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २००० माणसांना वर्षाला ४ कोटी. गाई-म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या मिळून पावणेदोन-दोन कोटी. हे सहा कोटी सगळ्यांत आधी, त्यांना हात लावायचा नाही. शेतीला उरलं २९ कोटी.

डाळिंबाची लावण साडेचार बाय तीन मीटरवर असेल तर हेक्टरी ७४० झाडं बसतात. ठिबकवर मोठ्या झाडाला दिवसाला सरासरी २५ लिटर, आणि वर्षातले ३०० दिवस पाणी. हेक्टरी साडेपंचावन्न लाख लिटर होतं. ५० हेक्टरला पावणेअठ्ठावीस कोटी. २९ कोटींत २८ कोटी बसतं. कृषी मेळाव्यात कोणी हा हिशोब फळ्यावर मांडला तर सगळं गाव हो म्हणेल. आणि याच ठिकाणी गावं फसतात, कारण हा सरासरी वर्षाचा हिशोब आहे.

तुमच्या तालुक्याचा ५०० हा आकडा कसा आला? एखाद्या वर्षी ७५०, एखाद्या वर्षी २८०, एखाद्या वर्षी ४३०, त्यांची बेरीज करून वर्षांनी भागलं. नेमका ५०० पाऊस पडलेलं वर्ष शोधायला गेलात तर क्वचित सापडेल. आता ३०० मिलिमीटरचं वर्ष घ्या. पाऊस चाळीस टक्क्यांनी कमी, पण विहिरींचं पाणी चाळीस टक्क्यांनी कमी होत नाही, त्याहून जास्त होतं. पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते. ती तृप्त झाल्यावर उरलं ते खाली झिरपतं. कमी पावसात तृप्त होण्याआधीच पाऊस तोंड फिरवतो. अशा वर्षी झिरपा सात टक्के धरा, म्हणजे २१ कोटी. सहा कोटी ओढ्याला, सहा कोटी माणसं आणि जनावरांना. हातात राहिलं नऊ कोटी. ५० हेक्टर डाळिंबाला २८ कोटी लागणार. झाड एकदा लावलं की त्याला ‘यंदा थांब’ म्हणता येत नाही. ज्वारी एक वर्ष पेरली नाही तर एका वर्षाचं नुकसान होतं. बाग वाळली तर पाच वर्षांचं कर्ज अंगावर येतं. तेव्हा माणूस काय करतो? हजार फुटांचा बोअर घेतो. खाली बहुतेक वेळा नुसता पाषाण लागतो. एखाद्याला भेग सापडली तर ती वरच्या थराचंच, शेजारच्या विहिरीचं पाणी ओढते. मग शेवटी बागेसाठी टँकर विकत घेतला जातो. माणमध्ये, सांगोल्यात, आष्टीत लोकांनी टँकरवर बागा जगवल्या आहेत. त्या माणसांचे हाल मी जवळून बघितलेत, म्हणून इतकं अजीजीने सांगतोय.

याच हिशोबाने पाटपाण्यावरचा ऊस बघा. हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर, त्यातलं थोडं परत झिरपतं हे मान्य. चांगल्या वर्षाचं तुमचं सगळं शेतीचं पाणी बारा-चौदा हेक्टर ऊस पिऊन टाकतो. शाळूला मात्र एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाळू नये म्हणून ऐन वेळी एक पाळी, द्यायचं तर हेक्टरी सहा लाख लिटर लागतात, आणि तेवढ्या एका पाण्याने कणीस भरतं की नाही याचा निकाल लागतो.

म्हणून माझा सल्ला असा. ज्या गरजा टाळता येत नाहीत, म्हणजे पिण्याचं पाणी, जनावरं आणि बागा, त्या सगळ्या मिळून वाईट वर्षाच्या पाण्यात बसल्या पाहिजेत. बरं वर्ष आलं की वरचं पाणी हंगामी पिकांना वापरायचं, कांदा घ्या, गहू घ्या, चारा घ्या, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा ठरवायचं.

हे गावाने करून दाखवल्याची उदाहरणं दूरची नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून आपल्या राज्याचा रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ चा. त्याच दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. नायगावला देवस्थानाची उजाड डोंगरउताराची जमीन त्यांनी खंडाने घेतली, तिच्यावर पाणी अडवून दाखवलं, आणि १९७४ पासून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही कोणत्याही गावाने भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे नाही, घरातल्या माणसांप्रमाणे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचा. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा काही हिस्सा लाभधारकाने आधी भरायचा. जमिनीप्रमाणे पाणी वाटलं की आधीच मोठा असलेला आणखी मोठा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

नगरजवळच्या हिवरे बाजार गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. लोक तिथे जातात, डोंगरावरचे चर बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. तिथली खरी शिकण्यासारखी गोष्ट फोटोत येत नाही. पावसाळा संपला की गाव पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी बघून पाण्याचा ताळेबंद मांडतं, आणि यंदा कोणती पिकं किती घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. कमी पावसाच्या वर्षी रब्बीचं क्षेत्र कमी करायचं, असं गावानेच ठरवायचं. त्यांचा पाऊस तुमच्यापेक्षा जास्त नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर बंधन आहे आणि अधिसूचित सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावरही आहे. पण बोअरची गाडी रात्री गावात येते तेव्हा कायद्याचं पुस्तक आडवं पडत नाही. ग्रामसभेचा ठराव असेल आणि चार माणसं रस्त्यावर उभी राहिली तरच ती परत फिरते. हे मी दोन गावांत घडताना पाहिलं.

दोन कामं मात्र थांबवा. ओढा खोल करताना मुरूम संपून काळा पाषाण उघडा पडला असेल तर तिथे पुढे खोदू नका. मुरूम म्हणजेच तुमची थाळी, तोच काढून टाकला तर पाणी मुरणार कशात? शिवाय ओढ्याचा तळ आजूबाजूच्या विहिरींच्या पातळीखाली गेला की विहिरींचंच पाणी ओढ्यात पाझरतं. दुसरं, विहिरीतून उपसून कागद घातलेली शेततळी भरायची पद्धत. १००० चौरस मीटर पृष्ठभागाच्या तळ्यातून नोव्हेंबर ते मे दहा लाख लिटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जातं. सगळ्या गावाचं जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी एका माणसाने वर काढून उन्हात ठेवायचं, यात गावाचा तोटाच आहे. वाहून जाणारं पावसाचं पाणी तळ्यात घेतलं तर माझी हरकत नाही.

उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलंय, तुमच्याकडेही उद्या येईल. तेव्हा नीरेची गोष्ट आठवा. पाणी येण्याआधी पिकांचा आणि वाट्याचा ठराव झाला पाहिजे. पाणी आल्यावर असा ठराव होत नाही, कारण तोवर कोणाचा तरी ऊस उभा असतो.

आता सुरुवात. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा आणि सातवी-आठवीच्या मुलांना रोज सकाळी साडेआठला मोजायला लावा. तालुक्याचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही, भाद्रपदातला पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारचं कोरडं राहतं. गावातल्या बारा विहिरी निवडा, माथ्यावरच्या चार, मधल्या चार, ओढ्याकाठच्या चार. महिन्याच्या एक तारखेला पातळी मोजा आणि चावडीवरच्या फळ्यावर लिहा. सगळ्यांना दिसेल असं लिहा, वहीत नको. किती हेक्टरला कोणतं पीक हे गावच्या पीकपाहणीच्या नोंदीतून घ्या आणि शिवार फेरी मारून तपासा. मोटारी किती हॉर्सपॉवरच्या आणि रोज किती तास चालतात ते विचारा. पहिल्या वर्षी लोक खरं सांगणार नाहीत, दुसऱ्या वर्षी सांगतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामसभा घ्या. बायकांना पुढे बसवा, कारण मार्चनंतर पाणी त्यांच्याच डोक्यावर असतं.

आणि डाळिंब. वाईट वर्षाचं शेतीचं पाणी नऊ कोटी लिटर. आहे ती १० हेक्टर बाग साडेपाच कोटी घेते. राहिलं साडेतीन कोटी. त्यात जवळजवळ ३० हेक्टर शाळू आणि चाऱ्याला दोन-दोन संरक्षित पाणी देता येतात, म्हणजे तुमची जनावरं चारा छावणीत न्यावी लागणार नाही. बाग १० हेक्टरवरच ठेवा. ज्यांना नवीन लावायची आहे त्यांना सांगा, तीन पावसाळे विहिरी मोजू, त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष धरून पुन्हा हिशोब मांडू, आणि पाणी खरोखर उरत असेल तर ज्या घरात आज एकही झाड नाही त्यांना पहिली संधी देऊ. रोपांची मागणी नोंदवली असेल तर ती लगेच रद्द करा. आगाऊ रक्कम बुडाली तरी हरकत नाही, वाळलेल्या बागेपेक्षा ती फार कमी आहे.